कसलं गोड, ते सांगा!

आमच्या दाराची बेल दूधवाल्यानं दाबली की एकदाच वाजते. आप्पा घरतांनी दाबली की ती वाजतच राहते, कारण त्यांच्या दोन्ही हातांत ट्रे असतो आणि बेल ते कोपरानं दाबतात. कोपर बेलवर टेकलं की ते पुन्हा उचलायचं असतं, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. शेवटी आतून कुणीतरी ओरडत येतं आणि दार उघडतं. समोर आप्पा उभे असतात. अंगात बनियन, डोळ्यांवर कारखान्यातला जुना जाडजूड गॉगल, आणि ट्रेमध्ये स्टीलच्या छोट्या वाट्या.

"घ्या बाई. सॅम्पल."

वाटीत लस्सी असते. कधी पिवळी, कधी गुलाबी, कधी असल्या रंगाची, की पिण्याआधी माणसानं घरच्यांकडे एकदा बघून घ्यावं. मी घोट घेते.

"वा आप्पा! मस्त गोड झालीय."

आप्पांचा चेहरा पडतो.

"गोड सांगू नका. गोड तं साखर पन असते. कसलं गोड, ते सांगा!"

मी शाळेत मराठी शिकवते. मुलांना विशेषणांचे प्रकार मला घडाघडा सांगता येतात. पण सकाळी सातच्या आत, दात घासले-न घासलेल्या तोंडानं, लस्सीला विशेषण सुचणं ही वेगळी गोष्ट आहे. "आंब्यासारखं गोड," असं मी पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, "आंबाच हाय त्यो. आंबा कशासारखा लागतो ते इचारतोय मी." त्यावर मी वाटी संपवून ट्रेमध्ये ठेवली.

माझा नवरा सुहास मात्र यात तरबेज निघाला. एकदा त्यानं वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाला, "आप्पा, आधी पिकल्या आंब्याचा वास येतो, मग गिळताना देठाजवळच्या चिकाचा जरासा उग्र वास येतो. लहानपणी गवतात पिकायला घातलेल्या आंब्यांच्या आढीत हात घातल्यावर यायचा तसा." आप्पांनी ट्रे माझ्या हातात दिला आणि सुहासला मिठी मारली. त्या दिवसापासून सुहासची वाटी माझ्या वाटीपेक्षा मोठी असते.

खोपोलीत साजगावच्या रस्त्याला आमची तीन मजली इमारत आहे. पहिल्या मजल्यावर आमच्यासमोर आप्पा आणि हिराकाकू राहतात. आप्पा मूळचे खालापूरकडचे, भातशेतीवाल्या घरातले. उभी नोकरी त्यांनी मोहोपाड्याला केमिकलच्या कारखान्यात केली. ते ऑपरेटर होते. निवृत्त होऊन ते घरी आले खरे, पण त्यांच्याबरोबर कारखानाही घरी आला. त्यांच्या स्वयंपाकघरात लस्सी होत नाही, बॅच निघते. मिक्सरला ते अ‍ॅजिटेटर म्हणतात. दह्यात फळ घालणं म्हणजे चार्जिंग. लस्सी चांगली झाली तर बॅच पास, बिघडली तर बॅच रिजेक्ट. घरी पाहुणे आले आणि लस्सी नसली तर ते शांतपणे सांगतात, "आज शटडाऊन हाय."

गॉगलचं कारण विचाराल, तर एकदा जांभळाची बॅच चालू असताना मिक्सरचं झाकण उडालं. त्या दिवशी आप्पा वाट्या घेऊन आले तेव्हा जांभळ्या रंगाचे ठिपके त्यांच्या कपाळापासून बनियनपर्यंत पसरले होते, आणि भुवयांतून दही ठिबकत होतं. "सेफ्टी म्हंजी सेफ्टी," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून गॉगल आला. ती जांभळाची लस्सी मात्र इमारतभर प्यायली गेली. नेमकी त्याच संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीबद्दल मीटिंग होती. आमचे सेक्रेटरी अतिशय गंभीर गृहस्थ. ते पाणी जपून वापरा म्हणून सगळ्यांना झापत होते आणि त्यांची जीभ गर्द जांभळी होती. समोर बसलेल्या सगळ्यांच्याही जिभा जांभळ्याच होत्या, त्यामुळे कुणालाच तोंड उघडून हसता येईना.

आप्पा दही विकत आणत नाहीत. म्हशीचं दूध, मातीचं मडकं आणि घरचं विरजण. हे विरजण त्यांच्या आईच्या हातचं, म्हणजे त्याच विरजणापासून पुढं चालत आलेलं, असं ते सांगतात. खरं-खोटं विरजणाला माहीत. एकदा भाच्याच्या लग्नाला त्यांना चार दिवस पेणला जायचं होतं. निघताना आप्पा एक झाकणाची वाटी घेऊन माझ्याकडे आले. नातू सांभाळायला देतात तशा चेहऱ्यानं त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"संध्याकाळी कोमट दूध घाला. गरम नको. बोट घालून बघा, बोटाला बरं वाटलं पायजे."

"बरं आप्पा."

"न् फ्रिजमध्ये कोंबू नका दिवसभर. त्याला पन हवा लागते."

"बरं."

"न् बाई, त्याच्याजवळ कांदा कापू नका."

लग्नाच्या मांडवातून त्यांनी फोन केला. मागं सनई-ताशांचा गोंधळ होता. मला वाटलं काही अडचण आली. ते ओरडून विचारत होते, "लागलं का? लागलं का?" मीही ओरडून म्हणाले, "लागलं! छान लागलं!" शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई घाबरून विचारू लागल्या, कुणाला लागलं, किती लागलं.

फजित्याही झाल्या. अननसाची लस्सी सकाळी केली, ती छान लागली. उरलेली दुपारसाठी ठेवली. दुपारपर्यंत ती कडू झाली. कच्चा अननस दह्यात राहिला की दही कडवट होतं, हे आप्पांना तेव्हा ठाऊक नव्हतं. ती कडू लस्सी दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णींच्या वाट्याला आली. कुलकर्णी भिडस्त माणूस. त्यांनी वाटी संपवली. वर आप्पांनी विचारलं, "कसलं गोड?" कुलकर्णी बराच विचार करून म्हणाले, "कडुनिंबासारखं गोड." आप्पांनी स्वतः घोट घेऊन पाहिला आणि कुलकर्णींची हात जोडून माफी मागितली. पुढच्या वेळी त्यांनी अननस आधी साखरेत शिजवून घेतला, गार केला आणि मग दह्यात घातला. ती बॅच पास झाली. पण कुलकर्णींनी त्या दिवशी दार उघडलं नाही. ते आत होते. पंख्याचा आवाज येत होता.

करवंदाचा चीक मिक्सरचं भांडं धरून बसला. कलिंगडाची लस्सी ताकापेक्षा पातळ झाली. सीताफळाच्या वेळी आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका गच्चीवर बसून बिया काढत होत्या, आणि आप्पा मध्ये फिरत "लॉस कमी करा, लॉस कमी करा" म्हणत होते, कारण बायका बी काढताना गरही खात होत्या. हापूस त्यांनी कधी वापरला नाही. "त्यो काय, सोताची जाहिरात सोताच करतो," म्हणायचे. त्यांना रायवळ आंबा लागायचा. प्रत्येक झाडाचा वेगळा, कुठल्याच पेटीत न सापडणारा.

या सगळ्यात हिराकाकू कुठं, असं तुम्ही विचाराल. हिराकाकू खिडकीशी खुर्चीवर बसलेल्या असायच्या. सडपातळ, सावळ्या, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या पण डोक्यावरचा पदर न सोडलेल्या. बॅचची पहिली वाटी त्यांची. आम्ही सगळे त्यानंतर. आप्पा त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसायचे.

"डोळे मीट गं. मिटलंस का? आता सांग, काय हाय?"

काकू घोट घ्यायच्या. थोडा वेळ जिभेवर घोळवायच्या. "पेरू."

"बरोबर!" आप्पा मांडीवर थाप मारायचे.

काकूंचं उत्तर कधी चुकलं नाही. चिकू असो, डाळिंब असो, केळं आणि खजूर एकत्र असो. मी ते कितीदा तरी पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, जीभ असावी तर अशी. एकदा त्यांना तसं बोललेही. काकू हसल्या आणि पदर नीट करत आत गेल्या.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी शाळेतून दुपारी घरी आले आणि जिन्यातच दूध करपल्याचा वास आला. नुसता करपल्याचा नाही, भांडं जळाल्याचा. धूर आप्पांच्या दाराखालून येत होता. दार लोटलेलंच होतं. मी धावत आत गेले. गॅसवर पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, आणि गॅसकडं पाठ करून, हातभर अंतरावर, हिराकाकू जमिनीवर बसून निवांत वाल सोलत होत्या.

"काकू! दूध!"

त्या दचकल्या. मागं वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला ओरडल्याचं वाईट वाटलं. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. पातेलं नळाखाली धरलं तसं ते चरचरलं.

"बाई, ह्यांना सांगू नका," काकू म्हणाल्या.

"दूध करपलं त्यात काय सांगायचंय, काकू? माझंही करपतं."

"तुमाला वास येतो ना पन. मला नाय येत."

मग त्यांनी सांगितलं. त्या मास्कच्या दिवसांत दोघांनाही ताप आला होता. आप्पा बरे झाले. काकूही बऱ्या झाल्या, पण त्यांचा वास गेला तो परत आलाच नाही. आंबट-गोड-खारट तेवढं जिभेला कळतं, बाकी काही नाही. आंबा आणि पेरू त्यांना सारखेच. सुरुवातीला वाटलं, येईल हळूहळू. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं.

"मी कशी होते बाई, तुमाला नाय माहीत. माहेरी आढीतला आंबा कधी काढायचा ते मला इचारायचे. दारात हुभी राहून सांगायची, उद्या काढा. भात शिजला का ते झाकण न काढता सांगायची. आता कायच नाय. जेवते ते पोट भरायला. पावडर लावली तरी कळत नाय, लावली का नाय लावली."

"पण काकू, तुम्ही लस्सी तर दर वेळी बरोबर ओळखता!"

काकूंनी ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"सालं बघते ना आधी."

मला हसावं की काय करावं कळेना. काकू स्वतःच जराशा हसल्या.

"मंग काय करू? ते एवढं करत बसतात. माज्या तोंडाकडं बघत बसतात. एकदा मी बोलले, येतोय थोडा थोडा वास आता. तं त्या दिवशी पोटभर जेवले बघा. आता माघारी कशी फिरू?"

मी काळं पातेलं घासून दिलं. आप्पा भाजी घेऊन आले, नाक वर करून म्हणाले, "काय करपलं काय?" मी म्हणाले, "आमच्याकडे, आप्पा. दूध लागलं." ते मला अर्धा तास कोमट आणि गरम यातला फरक समजावत बसले. काकू वाल सोलत होत्या.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, शाळेला सुट्टी लागल्यावर, आप्पा एका सकाळी वाट्यांशिवाय आले. बेलही नीट वाजवली. त्यावरूनच मी ओळखलं की काम नाजूक आहे.

"बाई, तुमची गाडी जरा कर्जतकडं न्याल का? फणस आणायचाय. माज्या सासुरवाडीहून. एसटीत कंडक्टर बसून देत नाय, मागल्या वर्षी भांडण झालं."

"चला की. काकूंनाही घेऊया."

"नाय नाय. हिराला कळता कामा नये. तिला सांगितलंय, मी मोहोपाड्याला जुन्या मित्राकडं चाल्लोय."

आम्ही निघालो. पळसदरीच्या पुढं गेल्यावर आप्पांनी गॉगल काढला. त्या दिवशी तो त्यांनी गाडीतही घातला होता, सेफ्टी म्हणून. रुमालानं काच पुसत म्हणाले, "बाई, एक बोलू? हिराला वास येत नाय."

मी स्टीअरिंग घट्ट धरलं. हे मला माहीत आहे असं म्हणावं, तर काकूंना दिलेला शब्द मोडतो.

"ती बोलते येतो. पन नाय येत. मला म्हाईत हाय."

"कसं काय?"

"मी एकदा चिकू सोलले. सालं डब्यात टाकली, वरच, दिसतील अशी. चिकू बाजूला ठेवले न् आंबा फिरवला. तिला दिला. डोळे मिटून पियाली, बोलली, चिकू."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी बोललो, बरोबर."

 एक टेंपो हॉर्न वाजवत पुढं गेला.

"खरं सांगून टाकलं असतंत, आप्पा."

"सांगून काय करू? ती माज्यासाठी बोलते ते मला कळत नाय का? ती हसून बोलते ना, बरोबर ओळखलं की हसते. आता मी सांगितलं की मला म्हाईत हाय, मंग ती हसायची बी नाय."

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, रोज ओळखीच्या वस्तूंचा वास घ्यायला लावा, वास घेताना पूर्वीचं आठवायला लावा, सवयीनं कधी कधी परत येतो. कधी, ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी लवंग, लिंबू असलं काहीबाही सांगितलं होतं. काकूंनी ते चार दिवस हुंगलं आणि ठेवून दिलं. तेव्हा आप्पांनी लस्सी काढली. लस्सी म्हटलं की तोंडाजवळ न्यावीच लागते.

"पन आठवायला लावू कसं? मला बोलता येत नाय ना बाई. मला आंबा म्हंजी आंबा. म्हणून तुमाला इचारतो. तुमी जे जे बोलता ना, ते मी जाऊन तिला सांगतो. ती पीत असते, मी बाजूला बसून सांगतो. सुहासभाऊ बोलले, आढीत हात घातल्यावानी. तं तिनं वाटी खाली ठेवली न् आढीचं कायबाय बोलत ऱ्हायली, लय येळ. वास नाय आला. पन बोलत ऱ्हायली."

सुहासला मोठी वाटी का मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. मी मात्र इतके दिवस "मस्त" आणि "छान" म्हणून दार लावत होते.

काकूंच्या माहेरी त्यांचे भाऊ होते. त्यांना आप्पांनी आधीच फोन करून ठेवला होता. कापा फणस नको, बरका पाहिजे. कापा म्हणजे कडक गऱ्यांचा, बरका म्हणजे बुळबुळीत, रसाळ आणि वासाला दांडगा. भावानं एक भला मोठा फणस काढून ठेवला होता. दोघांनी मिळून तो गाडीत ठेवला. आप्पांनी त्याला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला. चौकात शेजारी थांबलेल्या एका गाडीतली माणसं आमच्या गाडीकडे बघत होती. पुढं मी, शेजारी गॉगल घातलेले आप्पा, आणि मागं पट्टा लावलेला फणस.

फणस पिकायला आमच्या घरी ठेवायचा असं ठरलं, म्हणजे काकूंना दिसणार नाही. सुहासनं तो पोत्यात गुंडाळून दिवाणाखाली सरकवला. पहिले दोन दिवस काही नाही. मग वास येऊ लागला. आधी आमच्या खोलीत, मग कपाटातल्या कपड्यांना, मग जिन्यात. मी सुट्टीत बहिणीकडे चिंचवडला जाऊन आले तर ती म्हणाली, तुझ्या साडीला फणस का येतोय? आप्पा दिवसातून तीनदा येऊन दिवाणाखाली वाकायचे, फणसावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "अजून नाय."

शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "आज फोडू."

काकू झोपल्या होत्या. आप्पांनी आमच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरली, सुरीला आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल चोपडलं, आणि फणस फोडला. बरका फणस घरात फुटला की काय होतं, हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. सुहास खिडकीत जाऊन उभा राहिला. थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्याचे आवाज आले. मग चपलांचे आवाज. मग बेल.

दारात सेक्रेटरी, त्यांच्या मागं कुलकर्णी आणि आणखी दोघं-तिघं. सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला होता.

"हे काय चाललंय? गॅस लीक आहे की काय म्हणून माझी बायको मुलांना घेऊन खाली जाऊन उभी राहिलीय!"

"फणस आहे," मी म्हणाले.

"इमारतीत फणस? आणि तोही असला? आप्पा, लस्सी केलीत ते ठीक, जांभूळ केलंत ते ठीक, पण याला काही मर्यादा—"

आप्पा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले, मांडीवर अर्धा फणस, हात तेलानं आणि चिकानं माखलेले. त्यांनी मान वर केली. मला वाटलं ते आता काहीतरी बॅचबिच बोलतील. पण ते सेक्रेटरींकडे बघतच नव्हते. ते सेक्रेटरींच्या मागं बघत होते.

समोरचं दार उघडं होतं. हिराकाकू झोपेतून उठून आल्या होत्या. पदर डोक्यावरून घसरलेला, केस विस्कटलेले. माणसांच्या मधून वाट काढत त्या आत आल्या, माझ्या हॉलच्या मध्यात थांबल्या. त्यांनी मान थोडी वर केली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"फणस आणलाय, काकू," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही तेच सांगत होतो यांना."

आप्पांचा चेहरा जरा उतरला. काकूंनी ओळखायच्या आधीच नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. आता काकू हसून "हो, फणस" म्हणणार आणि आप्पा "बरोबर" म्हणणार, हे मलाही दिसलं.

पण काकूंचं सेक्रेटरींकडे लक्षच नव्हतं. त्या हळूहळू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. परत एकदा श्वास घेतला, लांब, डोळे मिटून, आणि तो सोडायची घाई केली नाही.

"ह्यो आमच्या विहिरीवरचा हाय," त्या म्हणाल्या.

 तो फणस काकूंच्या माहेरच्या विहिरीच्या कडेला असलेल्या झाडाचा होता. हे मला, आप्पांना आणि त्यांच्या मेव्हण्याला सोडून जगात कुणालाही माहीत नव्हतं. आम्ही तिकडे गेलो होतो हेही काकूंना माहीत नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?" आप्पांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कोन सांगंल? वास येतोय की. बांधावरच्याला असा नाय येत, त्यो आंबूस असतो. ह्यो विहिरीवरचा. बाबा ह्याला मधाचा फणस बोलायचे. न् दोन दिस आधी फोडायला पायजे होता. पिकला जास्त."

आप्पा उठायला गेले आणि उठता आलं नाही. मांडीवर अर्धा फणस होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला हात वर केले तर हात चिकानं भरलेले. हात तसेच अधांतरी धरून ते बसून राहिले, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे, आणि पाणी मिशीवरून ओघळत होतं.

"हात लावू नका डोळ्याला, आंधळे व्हाल," काकू म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि पदरानं त्यांचे डोळे पुसू लागल्या. त्या पुसत होत्या आणि अजून यायचं ते येतच होतं.

सेक्रेटरींनी नाकावरचा रुमाल काढला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण काहीतरी घडलंय एवढं त्यांनाही कळलं असावं. "चला," ते मागच्यांना हळूच म्हणाले. कुलकर्णी जाताना माझं दार ओढून घेऊन गेले, आवाज न करता.

संध्याकाळी काकूंचा वास परत गेला. दुसऱ्या दिवशी करपलेल्या मिरचीचा आला, तोही थोडाच वेळ. डॉक्टरांनी म्हटलंय, असाच येईल, जाईल. त्यावर आता कुणी काही खोटं बोलत नाही. आला की आला म्हणतात, नाही तर नाही.

पण त्या दुपारी ते दोघं माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बराच वेळ बसले होते. मी चहा ठेवायला गेले तर काकू एक एक गरा उचलून नाकाशी नेत होत्या आणि सांगत होत्या, याला गुळाचा वास येतोय, याला ओल्या गवताचा, हा देठाकडचा, याला थोडा दुधाचा. आप्पा हात तसेच अधांतरी धरून ऐकत होते. आणि मधेमधे, लहान मुलासारखे, म्हणत होते, "अजून सांग."